विश्लेषण : लाइटरूम की फोटोशॉप? किचकट फोटोकामासाठी ‘व्यवस्थापक’ पुरेसा की ‘संपादक’ हवाच?

फोटोंवर काम करण्याच्या सॉफ्टवेअरचे गणित २०२५ या एका वर्षात बरेच बदलले. जानेवारीत अ‍ॅडोबीने लाइटरूम आणि फोटोशॉप एकत्र देणारा २० जीबीचा स्वस्त ‘फोटोग्राफी प्लॅन’ नव्या ग्राहकांसाठी बंद केला. जुन्या ग्राहकांपैकी दरमहा हप्ता भरणाऱ्यांचा अमेरिकेतील दर ९.९९ डॉलरवरून १४.९९ डॉलरवर, म्हणजे थेट दीडपट झाला. मार्चमध्ये अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ‘गिम्प’ या मोफत संपादकाची ३.० आवृत्ती आली. ऑक्टोबरच्या अखेरीस कॅनव्हाने ‘अ‍ॅफिनिटी’ हे आजवर विकत मिळणारे सॉफ्टवेअर मोफत करून टाकले. त्यामुळे गावोगावचे स्टुडिओ, हौशी छायाचित्रकार, छोटी प्रकाशने आणि संग्रहालये यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. फोटो लावून ठेवणारे आणि जुजबी सुधारणा करणारे सॉफ्टवेअर पुरेल, की पूर्ण ताकदीचा संपादक लागेलच?

दोन्हींत नेमका फरक काय?

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, तेव्हा ते एका वेळी एका चित्रावर काम करण्याचे साधन होते. आजही त्याचा पाया तोच आहे. चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची जाळी, आणि संपादक त्या ठिपक्यांवर थेट काम करतो. त्यात एकावर एक लेअर ठेवता येतात, एका चित्रातील भाग दुसऱ्यात बसवता येतो, मजकूर टाकता येतो. गिम्प आणि अ‍ॅफिनिटी याच घराण्यातले.

डिजिटल कॅमेरे आले आणि एकेका कार्यक्रमात हजारो फोटो निघू लागले, तेव्हा ही पद्धत अपुरी पडू लागली. २००५ मध्ये अ‍ॅपलचे ‘अ‍ॅपर्चर’ आणि २००७ मध्ये अ‍ॅडोबीचे ‘लाइटरूम’ बाजारात आले ते या अडचणीवर उपाय म्हणून. मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘डिजिकॅम’ आणि ‘डार्कटेबल’ याच प्रकारचे. फोनमधील गुगल फोटोज किंवा अ‍ॅपल फोटोज हीसुद्धा त्यांचीच सोपी भावंडे.

हे सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही. ‘उजेड इतका वाढवा, सावल्या इतक्या उघडा, कडेचा एवढा भाग कापा’ अशा सूचनांची ते नोंद ठेवते आणि फोटो पडद्यावर दाखवताना किंवा बाहेर काढताना त्या सूचना लागू करते. संपादकाच्या फाइलमध्ये केलेल्या कामाचे फळ असते. व्यवस्थापकाच्या नोंदीत फक्त कृती असते. पुढचे बहुतेक फायदे-तोटे या एकाच फरकातून निघतात.

हा फरक व्यवहारात किती मोठा?

एका लग्नाचे उदाहरण घेऊ. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त आणि स्वागतसमारंभ मिळून ३,००० रॉ फोटो निघाले आणि प्रत्येक फाइल ३० एमबीची असली, तर मूळ माल ९० जीबी होतो. व्यवस्थापकात या सगळ्यांवर सुधारणा केल्या तरी प्रत्येक फोटोमागे भर पडते ती साधारण काही किलोबाइटच्या नोंदीची. मास्क वापरले तर थोडी जास्त.

हेच काम संपादकात केले तर? २.४ कोटी पिक्सेलच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला २ बाइट, म्हणजे १६ बिटच्या, न आवळलेल्या एका टिफ फाइलला सुमारे १४४ एमबी लागतात. सगळे ३,००० फोटो असे साठवले तर ४३२ जीबी. त्यात एकही अतिरिक्त लेअर धरलेला नाही.

जागेपेक्षा वेळ महाग असतो. मंगल कार्यालयातील पिवळे दिवे, स्टेजवरचे जांभळे एलईडी आणि मांडवाच्या कापडातून झिरपणारा लालसर उजेड यांत चेहऱ्यांचा रंग दर तासाला बदलतो. व्यवस्थापकात एका फोटोचा रंग जुळवला की त्याच उजेडातल्या पन्नास फोटोंना तीच सुधारणा एका फटक्यात देता येते. निवडलेले ४०० फोटो संपादकात एकेक उघडून प्रत्येकाला पाच मिनिटे दिली, तर २,००० मिनिटे, म्हणजे ३३ तासांहून अधिक वेळ जातो. हंगामात आठवड्याला दोन-तीन लग्ने करणाऱ्या स्टुडिओला हे परवडणारे नाही.

मग ‘किचकट काम’ म्हणजे नक्की कोणते?

गोंधळ होतो तो इथेच. किचकट काम म्हटले की संपादक हवाच, असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात किचकटपणा दोन प्रकारचा असतो. एक संख्येचा : हजारो फोटोंतून निवड, नावे, तारखा, कॅप्शन, रंगातील सारखेपणा, दोन वर्षांनी नेमका फोटो सापडणे. दुसरा एकाच चित्रातला : मागची वायर काढणे, तीन फोटो जोडून एक करणे, फाटलेल्या जुन्या छायाचित्रातील चेहरा सावरणे, मजकुरासह पत्रिका किंवा मुखपृष्ठ तयार करणे.

संख्येच्या किचकटपणावर फोटोशॉप हे उत्तर नाही आणि एका चित्रातील किचकटपणावर डिजिकॅम हे उत्तर नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी आपल्या कामाचे तास कोठे जातात, हे पाहणे महत्त्वाचे. अनेक स्टुडिओंत संपादकाचे कौशल्य उत्तम असते, पण ‘मागच्या वर्षीच्या अमुक कुटुंबाचा ग्रुप फोटो द्या’ म्हटले की हार्ड डिस्क शोधण्यात अर्धा दिवस जातो. ही अडचण फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्तीने सुटत नाही.

व्यवस्थापक कुठवर पुरतो?

पूर्वीपेक्षा पुष्कळ लांबवर. २०१५ च्या लाइटरूम ६ पासून पॅनोरमा आणि एचडीआर जोडणी त्यातच होऊ लागली. २०२१ मध्ये आकाश किंवा मुख्य व्यक्ती आपोआप निवडणारे मास्क आले. २०२३ मध्ये कमी उजेडातील दाणेदारपणा घालवणारी एआय सुविधा आली आणि २०२४ मध्ये नको असलेली वस्तू काढून तिथली पार्श्वभूमी नव्याने भरणारे साधनही आले. डार्कटेबलमध्येही निवडक भागावर सुधारणा करणारे मास्क आहेत. निसर्ग, पक्षी, प्रवास, कार्यक्रम किंवा बातमीसाठी काम करणाऱ्यांचे बहुतांश काम आता व्यवस्थापकातच आटोपते.

काही ठिकाणी मात्र तो थांबतो. ग्रुप फोटोत आजोबांचे डोळे एका फोटोत उघडे आणि नातवाचे दुसऱ्यात असतील, तर दोन्ही जुळवायला लेअर लागतात. दागिन्यांचे जवळून काढलेले फोटो पुढून मागे संपूर्ण स्पष्ट हवे असतील, तर वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले अनेक फोटो एकत्र करावे लागतात. दागिना किंवा साडीची पार्श्वभूमी काढून कॅटलॉगची पाने मांडणे, करिष्मा अल्बमची रचना करणे, छपाईसाठी चार शाईंच्या सीएमवायके रंगात चित्र तयार करून त्यावर शेवटचा हात फिरवणे, ही सगळी संपादकाची कामे आहेत. व्यवस्थापकातील ‘काढून टाका’ बटण रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी छान पुसते. पण गर्दीतून एक माणूस हटवून त्यामागच्या बाईच्या पदराचा काठ सरळ जुळवायचा असेल, तर तिथे माणसाचाच हात आणि संपादकच लागतो.

दोन्ही वापरायचे तर क्रम कोणता?

व्यावसायिक कामात हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून एकाच कामाचे दोन टप्पे आहेत. आधी व्यवस्थापकात निवड, नावे, कॅप्शन, रंग आणि उजेड. मग मोजके फोटो संपादकात. मग तयार फाइल पुन्हा व्यवस्थापकाच्या नोंदीत. ३,००० फोटोंच्या लग्नातून संपादकापर्यंत पोहोचणारे फोटो अनेकदा वीस-पंचवीसच असतात.

या क्रमात एक सापळा आहे. फोटो एकदा संपादकात पाठवला की त्याची वेगळी फाइल तयार होते. त्यानंतर मूळ रॉ फोटोचा रंग बदलला, तरी तो बदल त्या फाइलमध्ये उतरत नाही. म्हणून रंग, दाणेदारपणा आणि लेन्सचे दोष ही कामे आधी उरकून घ्यावी लागतात. फोटोशॉपमध्ये रॉ फाइल ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ म्हणून उघडली तर हे बदल नंतरही करता येतात. मात्र फाइलचा आकार वाढतो आणि संगणक जुना असेल तर दमतो.

सॉफ्टवेअर बंद पडले तर काम कोणाचे?

किमतीइतकीच चर्चा या प्रश्नाची व्हायला हवी. व्यवस्थापकाच्या नोंदी वाचता येतात त्या प्रामुख्याने त्याच व्यवस्थापकाला. सॉफ्टवेअर गेले की मूळ फोटो राहतो, पण त्यावर केलेल्या मेहनतीचे काय, हा प्रश्न उरतो.

याचा धडा अ‍ॅपर्चरने दिला. अ‍ॅपलने जून २०१४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे सांगितले, २०१५ मध्ये विक्री बंद केली आणि २०१९ च्या मॅक प्रणालीपासून ते चालेनासे झाले. लाइटरूमकडे वळलेल्यांचे कीवर्ड आणि स्टार सोबत गेले. रंग-उजेडाच्या सुधारणा, फेरबदल करता येईल अशा स्वरूपात, गेल्या नाहीत. भारतात घराघरांत पोहोचलेल्या पिकासाची गतही अशीच झाली. गुगलने २००४ मध्ये ते घेतले आणि मार्च २०१६ मध्ये त्याचा पाठिंबा थांबवला. पिकासाने केलेल्या बदलांच्या नोंदी प्रत्येक फोल्डरमधील एका छोट्या दडलेल्या फाइलमध्ये असत. फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवताना ती फाइल मागे राहिली, तर वर्षानुवर्षांचे काम मुकाट्याने नाहीसे होई.

गुगल फोटोजमध्येही ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद मोफत साठवण बंद झाली. तेथून सगळे फोटो एकदम उतरवून घेता येतात. पण तिथे लिहिलेले वर्णन किंवा दुरुस्त केलेली तारीख यांची माहिती फोटोसोबत येणाऱ्या वेगळ्या जेसन फाइलमध्ये मिळते. ती पुन्हा फोटोत बसवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबवली तर काय होते? कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, शोधता येतात आणि केलेल्या सुधारणांसह बाहेरही काढता येतात. सुधारणा करण्याचा विभाग मात्र बंद होतो. फोटोशॉप वर्गणी संपल्यावर चालत नाही. तरी त्याची पीएसडी फाइल गिम्प किंवा अ‍ॅफिनिटीत बऱ्याच अंशी उघडते. काही परिणाम हुबेहूब दिसतीलच, अशी खात्री नसते.

मोफत पर्यायांनी प्रश्न सुटतो का?

काही प्रमाणात. डिजिकॅम हा संग्रह सांभाळण्यासाठी, डार्कटेबल रॉ फोटोंसाठी आणि गिम्प संपादनासाठी, असा तिघांचा संच पूर्ण मोफत आहे. तिन्ही मुक्त स्रोत असल्याने कोणी एक कंपनी दर वाढवून किंवा विकली जाऊन ते हिरावून घेऊ शकत नाही. गिम्प ३.० मध्ये परिणाम चित्रावर कायमचे न कोरता वेगळे ठेवण्याची सोय आल्याने जुनी मोठी उणीव भरून निघाली. मात्र डार्कटेबल शिकायला वेळ लागतो आणि तीन सॉफ्टवेअरमध्ये ये-जा करणे लाइटरूम-फोटोशॉपच्या जोडीइतके सहज नाही.

अ‍ॅफिनिटीचे चित्र वेगळे आहे. कॅनव्हाने मार्च २०२४ मध्ये तिची मूळ ब्रिटिश कंपनी सेरिफ विकत घेतली आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी फोटो, रेखाटन आणि पानमांडणी ही तिन्ही साधने एकत्र करून मोफत दिली. एआय सुविधांसाठी कॅनव्हाची सशुल्क वर्गणी लागते. मोफत असले तरी ते मुक्त स्रोत नाही. पुढचा निर्णय कंपनीच्याच हाती आहे.

मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी एक कसोटी आहे, ती देवनागरीची. पत्रिका, बॅनर, अल्बममधील नावे यांत जोडाक्षरे तुटली तर सगळे काम वाया जाते. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’, ‘दुसऱ्या’, ‘कीर्ती’ असे चार-पाच शब्द युनिकोड फाँटमध्ये टाकून पाहिले की पाच मिनिटांत उत्तर मिळते. फोटोशॉपमध्येही काही आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय वेगळा निवडावा लागे. अनेक स्टुडिओ अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर चालतात. त्यांनी सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी जुन्या फाइली नव्यात कशा दिसतात, हे पाहिलेले बरे.

वर्गणी हंगामापुरती घेता येते का?

लग्नसराईत काम आणि पावसाळ्यात शुकशुकाट असणाऱ्या स्टुडिओला ‘चार महिने घेऊ, मग बंद करू’ हा विचार साहजिक वाटतो. पण दरमहा हप्ता असलेली प्रत्येक योजना महिन्याची नसते. काही योजना वर्षाच्या करारावर असतात, फक्त पैसे दरमहा कापले जातात. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅडोबीविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात हाच मुद्दा होता. अशी योजना पहिल्या वर्षात सोडल्यास उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते आणि हे ग्राहकाला ठळकपणे सांगितले जात नाही, असा आरोप आयोगाने केला. कंपनीने आरोप फेटाळले होते. कोणाचेही सॉफ्टवेअर घेताना ‘वार्षिक, मासिक हप्ता’ आणि ‘मासिक’ यांतला फरक वाचूनच बटण दाबायला हवे.

विश्वासार्हतेचा मुद्दा काय?

बातमी, शास्त्रीय नोंदी किंवा पुराव्यासाठीचे फोटो असतील तर निवडीला आणखी एक बाजू येते. २००६ मध्ये बैरूतवरील हल्ल्याच्या एका छायाचित्रातील धूर संपादकातील क्लोन साधनाने वाढवल्याचे उघड झाले आणि रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराची सर्व ९२० छायाचित्रे मागे घेतली. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रवेशिका अवाजवी फेरफारामुळे बाद झाल्या. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने प्रसिद्ध केलेला युवराज्ञी केट आणि मुलांचा फोटो मोठ्या वृत्तसंस्थांनी फेरफाराच्या शंकेवरून काढून टाकला.

व्यवस्थापकात मूळ फाइल अबाधित राहते आणि केलेल्या सुधारणा एकेक करून दाखवता येतात. शंका आली तर हे सर्वांत मोठे संरक्षण ठरते. अर्थात आता व्यवस्थापकातही वस्तू पुसण्याची साधने आली असल्याने ‘लाइटरूममध्येच केले आहे’ हा बचाव पुरेसा राहिलेला नाही. मूळ रॉ फाइल जपून ठेवण्याला पर्याय नाही.

निवड करायची कशी?

वर्षाला हजारो फोटो निघत असतील आणि त्यांतील शंभरांत दोन-चारच फोटोंना लेअरची गरज असेल, तर पैसा आणि शिकण्याचा वेळ व्यवस्थापकावर घालावा. संपादक म्हणून गिम्प किंवा अ‍ॅफिनिटी चालून जाईल. याउलट जाहिराती, जुन्या फोटोंची दुरुस्ती, मुखपृष्ठे, दागिन्यांचे कॅटलॉग हेच मुख्य काम असेल, तर चांगला संपादक आधी. फाइलींची नावे आणि फोल्डर यांची शिस्त पाळली तर तिथे साधा व्यवस्थापकही पुरतो. घरगुती संग्रहासाठी संपादकाची गरज क्वचितच पडते. तिथे दोन ठिकाणी बॅकअप अधिक मोलाचा.

निवड कोणतीही असो, तीन सवयी तिला टिकाऊ करतात. पहिली, कॅप्शन, कीवर्ड आणि स्टार केवळ कॅटलॉगमध्ये न ठेवता फोटोत किंवा सोबतच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून घेणे. लाइटरूम, डिजिकॅम आणि डार्कटेबल तिघांनाही हे जमते आणि ही माहिती बऱ्याच अंशी एकमेकांना वाचता येते. लाइटरूममधील कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी मात्र कॅटलॉगमध्येच राहतात, म्हणून कॅटलॉगचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. दुसरी, पूर्ण झालेले महत्त्वाचे काम टिफ किंवा उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये बाहेर काढून ठेवणे. तिसरी, मूळ रॉ फाइल कधीही न पुसणे.

सॉफ्टवेअरचे दर वाढतील, कंपन्या विकल्या जातील, आजचे मोफत उद्या सशुल्क होईल. वीस वर्षांनी कोणी आजीच्या साठीशांतीचे फोटो मागितले, तर ते देता येतील की नाही हे निवडलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा या तीन सवयींवर जास्त अवलंबून असेल.